वेळापत्रक कुणाच्या मालकीचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठीच्या भाषणाचा पाठ)



एकाच रस्त्यावर दोन मालकांच्या बसगाड्या धावू लागल्या की प्रवाशाचे कल्याण होते, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की तिच्यासाठी पुरावा मागण्याचेही कुणाला सुचत नाही. गावात दुकाने दोन असली की भाव उतरतो, वागणूक सुधारते. मग गाड्या दोन झाल्या तर तसेच का होऊ नये, असा साधा सवाल तालुक्याच्या गावी कार्यकर्त्याला विचारला जातो. सवाल विचारणारा माणूस भांडवलदार नसतो. तो रोज सकाळी कामाला जाणारा, एसटीची वाट पाहून कंटाळलेला आणि हात दाखवताच थांबणाऱ्या वडाप जीपमध्ये दाटीवाटीने बसून कसाबसा वेळेवर पोचणारा माणूस असतो. त्याला खाजगीकरणाच्या निषेधाची घोषणा ऐकवून भागत नाही. त्याच्या सवालात तथ्य किती आणि फसगत किती, हे हिशेबाने दाखवावे लागते.

हिशेबाची सुरुवात दुकान आणि बस यांतल्या फरकापासून करावी लागेल. दुकानात शिरलेला माणूस भाव पटला नाही तर शेजारच्या दुकानात जातो. दोन्ही दुकाने त्याच्यासमोर एकाच वेळी उघडी असतात. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसापुढे दोन गाड्या एकाच वेळी क्वचितच असतात. त्याच्यापुढे जी गाडी आधी येते तीत तो चढतो. मागून येणारी गाडी अधिक स्वच्छ आहे किंवा तिचा चालक अधिक शहाणा आहे, म्हणून दारात उभी असलेली गाडी सोडून देणारा प्रवासी विरळा. त्यामुळे बसच्या धंद्यातली चढाओढ भाड्यावरून फारशी होत नाही आणि सोयींवरूनही होत नाही. ती होते दुसऱ्याच्या चार पावले पुढे असण्यावरून. या एका गोष्टीतून पुढचे सारे अनर्थ निघतात.

थांब्यावरचे गणित

एक काल्पनिक पण नेहमीचे उदाहरण घ्यावे. एका रस्त्यावरच्या थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येतो असे धरले, आणि एक मालक दर अर्ध्या तासाने, म्हणजे आठला, साडेआठला, नऊला गाडी सोडतो असे मानले, तर प्रत्येक गाडीला तीस प्रवासी मिळतात आणि प्रवाशाला सरासरी पंधरा मिनिटे थांबावे लागते. आता तेवढ्याच गाड्या घेऊन दुसरा मालक त्या रस्त्यावर उतरला. प्रवाशाचे हित कशात आहे हे उघड आहे. नव्या मालकाने सव्वाआठला, पावणेनऊला गाड्या सोडाव्यात. म्हणजे दर पंधरा मिनिटांना गाडी मिळेल, थांबणे सरासरी साडेसात मिनिटांवर येईल, आणि दोन्ही मालकांना गाडीमागे पंधरा-पंधरा प्रवासी मिळतील.

परंतु नव्या मालकाचे हित तसे नाही. तो आपली गाडी सात-पंचावन्नला, आठ-पंचवीसला सोडतो. मग गेल्या पंचवीस मिनिटांत जमलेले पंचवीस प्रवासी त्याचे, आणि पाच मिनिटांनी मागून येणाऱ्या जुन्या मालकाच्या वाट्याला पाच. प्रवाशाचे सरासरी थांबणे हिशेब केला तर अकरा मिनिटांच्या आसपास येते. म्हणजे गाड्या दुप्पट झाल्या, डिझेल दुप्पट जळले, दुप्पट माणसे कामाला लागली, आणि प्रवाशाच्या पदरात मात्र शक्य असलेल्या लाभाच्या जेमतेम अर्धा लाभ पडला. जुना मालकही स्वस्थ बसत नाही. तो सात-पन्नासला गाडी काढतो, मग नवा त्याच्याही आधी. अशी चढाओढ मागे मागे सरकत जाते आणि अखेर वेळापत्रकच नाहीसे होते. गाडी भरेपर्यंत स्थानकावर हलत नाही. वाटेतल्या थांब्यावर रेंगाळते. आणि मागच्या प्रतिस्पर्ध्याचा भोंगा कानावर पडला की सुसाट सुटते. हाच देखावा या देशातल्या अनेक शहरांत आणि तालुक्यांत रोज पाहायला मिळतो. त्याचे कारण चालकांच्या स्वभावात शोधणे व्यर्थ आहे. ते व्यवस्थेच्या गणितात आहे.

भरलेली फेरी आणि रिकामी फेरी

दुसरा अनर्थ याहून खोल आहे आणि चटकन नजरेत भरत नाही. कोणत्याही रस्त्यावर काही फेऱ्या भरलेल्या असतात, काही रिकाम्या. सकाळी नऊची, संध्याकाळी सहाची, बाजाराच्या दिवसाची फेरी भरलेली. दुपारी दोनची, रात्री नऊची फेरी निम्मी रिकामी. सार्वजनिक सेवा भरल्या फेरीच्या पैशांवर रिकामी फेरी चालवते. एसटीची मुक्कामाची गाडी हे याचे उत्तम उदाहरण. संध्याकाळी उशिरा ती आडगावी पोचते, चालक-वाहक तिथेच रात्र काढतात, आणि पहाटे तीच गाडी शाळकरी मुलेमुली, भाजीच्या पाट्या आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे घेऊन तालुक्याला येते. या गाडीचा एकटीचा जमाखर्च मांडला तर बहुधा तोटाच दिसेल. परंतु ती नसेल तर गावातल्या मुलीचे आठवीनंतरचे शिक्षण थांबते. हा तोटा कोणत्या वहीत मांडायचा?

त्याच रस्त्यावर खाजगी गाडी येते ती नऊच्या आणि सहाच्या फेरीसाठी. तसे करण्यात तिचा मालक दुष्ट असतो असे नाही. रिकाम्या फेरीचे पैसे त्याला कुणी देत नाही. पण परिणाम असा होतो की भरल्या फेरीचे प्रवासी वाटले जातात आणि रिकामी फेरी एकट्या एसटीच्या गळ्यात राहते. मग एसटीचा तोटा वाढतो, तोटा वाढला म्हणून फेऱ्या तोडल्या जातात, फेऱ्या तोडल्या म्हणून प्रवासी आणखी खाजगी गाड्यांकडे वळतो, आणि शेवटी हीच आकडेवारी दाखवून सार्वजनिक सेवा अकार्यक्षम असल्याचा निकाल दिला जातो. आधी साय काढून घ्यायची आणि मग दूध पातळ आहे म्हणून गवळ्याला बोल लावायचा, असा हा न्याय आहे.

त्यात सामाजिक सवलतींचा भार आहे. ग्रामीण शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट देण्यात आले. या सवलती योग्यच आहेत; त्यांनी एसटीकडे प्रवासी परत आणले आहेत. परंतु त्यांचा परतावा शासनाकडून वेळेवर मिळाला नाही तर आगारात डिझेलची आणि पगाराची ओढाताण होते. शिवाय अनेक वर्षे एसटीच्या तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर शासनाच्या तिजोरीत जात आला. समाजाची जबाबदारी खांद्यावर घेतलेली एक गाडी आणि फक्त भाडे देणारा प्रवासी निवडून घेणारी दुसरी गाडी यांच्या शर्यतीला स्पर्धा म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

चालकाच्या पोटाचा प्रश्न

तिसरा अनर्थ गाडी चालवणाऱ्या माणसाचा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. परंतु जिथे चालकाला पगाराऐवजी दिवसाच्या गल्ल्यातला हिस्सा मिळतो, तिथे असा कायदा कुणी न मोडताच मरतो. तास कमी केले तर कमाई कमी होते. थांब्यावर नियमाप्रमाणे थांबला तर पुढचे प्रवासी दुसरा उचलतो. म्हातारीला चढायला वेळ दिला तर मागची गाडी पुढे जाते. माणुसकीचा प्रत्येक क्षण त्याच्या खिशातून वजा होतो.

याची फार मोठी किंमत राजधानीने मोजली आहे. १९९२ साली दिल्लीत सरकारी बससेवा अपुरी पडते म्हणून खाजगी मालकांना मोठ्या संख्येने परवाने देण्यात आले. त्या गाड्या आधी 'रेडलाइन' आणि पुढे 'ब्लूलाइन' या नावाने ओळखल्या गेल्या. परवाना एकाच्या नावाचा, गाडी दुसऱ्याने चालवायला घेतलेली, आणि चालक-वाहकाची कमाई गल्ल्यावर अवलंबून, अशी साखळी सर्रास होती. २००७ साली या गाड्यांखाली चिरडून झालेल्या मृत्यूंनी शहर हादरले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्या रस्त्यावरून काढल्या गेल्या. चालकांवर खटले झाले. ज्या व्यवस्थेने त्यांना वेगाशिवाय पोट भरण्याचा दुसरा मार्ग ठेवला नव्हता, तिच्यावर खटला भरण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नव्हती.

आधी काय होते

राष्ट्रीयीकरणाची कल्पना केवळ समाजवादी पुस्तकांतून आली असे जे मानतात, त्यांनी मुंबई इलाख्याचा इतिहास पाहावा. १९२० नंतरच्या दशकात लहान-मोठ्या उद्योजकांनी जागोजागी मोटारी सुरू केल्या. भाडे ठरलेले नव्हते, वेळ ठरलेली नव्हती, आणि चढाओढ बेबंद होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रथमच परवान्याची शिस्त आणली. परवाना देताना त्या रस्त्यावर आधीची सेवा पुरेशी आहे काय, लोकांचे हित कशात आहे, याचा विचार करणे प्राधिकरणावर बंधनकारक झाले. त्याच काळात ठराविक मार्गांवरच्या सुट्या मालकांना संघ करायला सांगण्यात आले. तेव्हा कुठे वेळापत्रक, ठरलेले थांबे, वाहक आणि निश्चित तिकीट या गोष्टी प्रवाशाला दिसू लागल्या. ही नोंद महत्त्वाची आहे. मालक तेच होते, गाड्या त्याच होत्या. एकमेकांचे प्रवासी पळवणे थांबले आणि सेवा सुधारली.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. त्यांना समाजवादी म्हणण्याचे धाडस त्यांचे विरोधकही करणार नाहीत. तरीही त्यांच्या सरकारने ही सेवा हाती घेतली, कारण रस्ते वाहतुकीची घडी सुट्या मालकांच्या चढाओढीतून बसत नाही, हा अनुभव गाठीशी होता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने एखादा व्यवसाय पूर्णतः वा अंशतः हाती घेण्याचा शासनाचा अधिकार स्पष्ट केला. १९५६ साली मोटार वाहन कायद्यात प्रवासी वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. बहुजनांच्या हिताचे आणि सुखाचे ब्रीद मिरवणारे महामंडळ या वाटेने उभे राहिले.

वारे फिरले ते १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्याने. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या या कायद्याने परवान्याचा अर्ज सहसा नाकारू नये असे धोरण स्वीकारले. आधीच्या परवानाधारकाचा आक्षेप घेण्याचा हक्क संपला. १९९१ साली मिथिलेश गर्ग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उदार धोरण वैध ठरवले. रस्त्यावर आधीपासून असलेल्या मालकाला नव्या मालकाविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार नाही, असा त्याचा अर्थ. मक्तेदार मालकांनी जुन्या तरतुदींचा गैरफायदा घेतला होता हे खरे, आणि त्या दृष्टीने निकालामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण त्या खटल्यात एका बाजूला जुना मालक आणि दुसऱ्या बाजूला नवा मालक होता. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाची बाजू त्यात स्वतंत्रपणे मांडली गेली नाही. राष्ट्रीयीकृत मार्गांचे संरक्षण करणारे प्रकरण नव्या कायद्यातही राहिले, म्हणून महाराष्ट्रात टप्पा वाहतुकीचा हक्क अजून मुख्यतः एसटीकडे आहे. तथापि कंत्राटी वाहतुकीचा परवाना घ्यायचा आणि वाटेत थांब्याथांब्याला सुटे प्रवासी भरायचे, ही पळवाट इतकी रुळली आहे की ती पळवाट आहे हेही लोक विसरले.

विलायतेतला प्रयोग

स्पर्धेच्या समर्थकांचे म्हणणे असे असते की, आपल्याकडे कायदा नीट पाळला जात नाही म्हणून हे घडते; शिस्तीच्या देशात स्पर्धा गुणकारीच ठरेल. सुदैवाने या म्हणण्याची परीक्षा शिस्तीच्याच देशात झाली आहे. ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने १९८५ चा वाहतूक कायदा केला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन वगळता ग्रेट ब्रिटनमधल्या बससेवा मोकळ्या केल्या. ज्याला परवाना आहे त्याने मार्ग आणि वेळ नोंदवावी आणि गाडी काढावी. वर सांगितलेले थांब्यावरचे गणित तिथेही चुकले नाही. शहरांच्या मुख्य रस्त्यांवर गाड्यांची रांग आणि आडवाटेच्या वस्त्यांत शुकशुकाट, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसले.

डार्लिंग्टन नावाच्या लहान शहरात १९९४ साली जे घडले ते तर ऐकण्यासारखे आहे. तिथल्या नगरपालिकेची स्वतःची बस कंपनी होती आणि ती विकायला काढली होती. एका बड्या खाजगी समूहाच्या कंपनीने तिचे चालक फोडले आणि तिच्याच मार्गांवर चक्क फुकट गाड्या सोडल्या. काही दिवस प्रवाशांची चंगळ झाली. नगरपालिकेची कंपनी त्या नोव्हेंबरात कोसळली. मक्तेदारीविषयक आयोगाने १९९५ साली या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले, पण तोवर बुडालेली कंपनी बुडालेलीच राहिली. स्पर्धेचा शेवट स्पर्धकाच्या अंतात होतो आणि मग उरलेला एकटा मालक भाडे ठरवतो, हे सांगायला आणखी कोणता दाखला हवा?

लंडनची गोष्ट वेगळी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथेही पुढे गाड्या खाजगी कंपन्यांच्या झाल्या. परंतु मार्ग, वेळापत्रक, भाडे आणि गाडीचा रंगसुद्धा सार्वजनिक प्राधिकरणानेच ठरवला. कंपन्यांची चढाओढ निविदेच्या कागदावर झाली, रस्त्यावर नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत लंडनच्या बसप्रवाशांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली, तर बाहेरच्या महानगरांत ती जवळजवळ निम्म्यावर आली. या घसरणीला खाजगी मोटारींची वाढ, गिरण्या-कारखान्यांची पडझड अशी इतरही कारणे होती. तरी दोन्हीकडचा फरक केवळ त्यांनी भरून निघत नाही. अखेर सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने ग्रेटर मँचेस्टरने आपल्या साऱ्या बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. सदतीस-अडतीस वर्षांचा फेरा मारून गाडी निघाल्या ठिकाणी परत आली.

यातून एक धडा असा की, गाडीच्या मालकीइतकाच, किंबहुना त्याहून तातडीचा प्रश्न वेळापत्रकाच्या मालकीचा आहे. गाडी केव्हा, कुठून, किती भाड्यात सुटणार हे लोकांनी निवडलेल्या संस्थेने ठरवायचे की गल्ला मोजणाऱ्याने, यावर सेवेचे स्वरूप ठरते. मात्र लंडनच्या वाटेतही खाचखळगे आहेत. निविदेतली चढाओढ कामगाराच्या पगारावर होऊ शकते. मुंबईत भाडेतत्त्वावरील बसगाड्यांच्या चालकांना ऑगस्ट २०२३ मध्ये वेतनासाठी संप करावा लागला, तो याच कारणाने. एकाच मार्गावर, एकाच रंगाच्या दोन गाड्या. एकीच्या चालकाला कायम नोकरीचे वेतन आणि दुसरीच्या चालकाला ठेकेदाराचे. प्रवासी पळवण्याची स्पर्धा थांबली, पण मजुरी पाडण्याची सुरू झाली.

गोव्याचा धडा

शेजारच्या गोव्यात हा प्रश्न आणखी वेगळ्या रूपात दिसतो. तिथे दीर्घकाळ बसवाहतूक खाजगी मालकांच्याच हाती होती. १९७८-७९ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटाच्या मागणीसाठी मोठे आंदोलन उभारले. त्या आंदोलनातून सार्वजनिक सेवेची गरज ऐरणीवर आली आणि १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. म्हणजे तिथली सार्वजनिक बस कुणा मंत्र्याच्या कृपेने आली नाही. ती विद्यार्थ्यांनी लढून मिळवली. आज पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा यांसारख्या मार्गांवर कदंबच्या थेट गाड्यांना प्रवासी रांगा लावतात, कारण त्या वाटेत रेंगाळत नाहीत. दुसरीकडे खाजगी गाड्यांचे किलिंडर स्थानकावर गावाचे नाव घेत ओरडत असतात, गाडी हळूहळू भरते आणि मग मागची गाडी दिसताच पळत सुटते.

परंतु त्या गाडीचा मालक कोण असतो? पुष्कळदा तो एका किंवा दोन गाड्यांचा धनी, स्वतः कधीकाळी चालक असलेला, बँकेच्या हप्त्यांनी पिचलेला माणूस असतो. त्याला भांडवलदार ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि चूकही आहे. ज्या पक्षाच्या परंपरेत जॉर्ज फर्नांडिस यांनी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना संघटित केले, त्या पक्षाला लहान मालक आणि मोठा मालक यांतला फरक कळला पाहिजे. गोवा शासनाने अलीकडच्या वर्षांत 'म्हजी बस' नावाची योजना आणून खाजगी गाड्यांना कदंबच्या वेळापत्रकात सामावून घेण्याचा प्रयत्न चालवला आहे. ती यशस्वी होईल की नाही हे मालकांना पैसे वेळेवर मिळतात की नाही यावर ठरेल. पण तिची दिशा १९३९ नंतरच्या मुंबई इलाख्यातल्या त्या संघांचीच आहे, हे ध्यानात घ्यावे.

एसटीचे दोष झाकू नयेत

सार्वजनिक सेवेची बाजू घेणाऱ्याने तिच्या दोषांवर पांघरूण घालू नये. फुटलेल्या काचा, गळके छत, न सांगता रद्द झालेली फेरी, चौकशीच्या खिडकीवरचे तुसडे उत्तर, स्थानकातली न बघवणारी स्वच्छतागृहे, ही सारी वडापच्या धंद्याला घातलेली खतपाण्याची सोय आहे. कोल्हापूर-सांगलीकडे वडाप, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी जन्माला आली ती केवळ कुणाच्या लोभातून नाही. एसटीने मोकळ्या सोडलेल्या जागेत ती उगवली. आगार कुठे व्हावे आणि गाडी कोणत्या गावाला जावी हे प्रवाशांच्या गरजेऐवजी पुढाऱ्याच्या शब्दावर ठरू लागले, तेव्हा वेळापत्रक लोकांच्या मालकीचे उरले नव्हते. सरकारी मालकी म्हणजे लोकांची मालकी असे आपोआप होत नाही.

तरीही एसटी नसेल तर काय होते याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत नव्वद हजारांच्या आसपास कामगारांच्या या महामंडळाचा संप चालला. तुटपुंजे आणि अनियमित वेतन, कामगारांच्या आत्महत्या, शासनात विलीनीकरणाची मागणी ही त्याची पार्श्वभूमी. शासनाने खाजगी गाड्यांना प्रवासी नेण्याची मोकळीक दिली. स्पर्धेच्या तत्त्वाप्रमाणे तेव्हा सुवर्णकाळ यायला हवा होता; प्रतिस्पर्धी मैदानातच नव्हता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भाडे अव्वाच्या सव्वा झाले आणि आडगावांना गाडीच उरली नाही. त्याआधी २०१८ साली शासनाने खाजगी कंत्राटी बसचे भाडे एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंत मर्यादित केले होते. या एका नियमात सारे सार आहे. खाजगी भाडे मोजायची पट्टी एसटीचे तिकीट हीच आहे. पट्टीच मोडली तर मोजायचे कशाने?

काय मागावे

या विवेचनातून पक्षाच्या कार्यकर्त्यापुढे चार मागण्या येतात. पहिली, प्रत्येक मार्गाचे वेळापत्रक सार्वजनिक संस्थेने ठरवावे आणि ते प्रत्येक थांब्यावर लावावे. गाडी कुणाचीही असो, ती त्या वेळेला बांधलेली असावी. दुसरी, जिथे लहान मालकांच्या गाड्या आहेत आणि त्यांच्यावाचून भागत नाही, तिथे त्यांची सहकारी संस्था करून गल्ला सामाईक करावा आणि मोबदला प्रवाशांच्या डोक्यांवर न देता धावलेल्या किलोमीटरवर द्यावा, म्हणजे रिकाम्या फेरीलाही मोल येईल. तिसरी, गाडी महामंडळाची असो, सहकारी संस्थेची असो वा ठेकेदाराची, चालक-वाहकाला महिन्याचा पगार, आठ तासांचे काम आणि समान कामाला समान वेतन मिळावे. चौथी, सामाजिक सवलतींचा आणि तोट्याच्या फेऱ्यांचा परतावा शासनाने अंदाजपत्रकात आधी तरतूद करून वेळेवर द्यावा. तो उपकार नव्हे, देणे आहे.

हे सारे मुंबईत बसून ठरणार नाही. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली ती अशाच प्रश्नांसाठी. मुक्कामाची गाडी कोणत्या गावी हवी हे जिल्ह्याला आणि गावाला कळते, मंत्रालयाला नाही. प्रत्येक आगारासाठी प्रवासी, कामगार, ग्रामपंचायती आणि शाळा यांचे प्रतिनिधी असलेली समिती असावी, आणि तिच्या संमतीशिवाय एकही फेरी बंद होऊ नये, इतकी ही मागणी नेमकी करता येते.

मागणी करण्यापूर्वी माहिती हवी. प्रत्येक शाखेने आपल्या भागातला एकच मार्ग निवडावा. आठवडाभर, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत, थांब्यावर आळीपाळीने बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ, तिचा प्रकार, चढलेले प्रवासी आणि घेतलेले भाडे वहीत टिपावे. कोणत्या तासाला गाड्यांची झुंबड आहे आणि कोणत्या तासाला माणसे ताटकळत आहेत, हे त्या वहीतून स्पष्ट होईल. ती वही घेऊन आगारप्रमुखाकडे जावे, वडापच्या चालकांनाही ती दाखवावी, ग्रामसभेत वाचावी. सवाल विचारणाऱ्या त्या रोजच्या प्रवाशाला घोषणेपेक्षा ती वही अधिक पटेल.